करवतीला रूळ किती लांब?

वांड मुलाला कुणी वठणीवर आणले की आपण म्हणतो, "त्याला अगदी सुतासारखा सरळ केला!" हे सूत म्हणजे सुताराचे सूत. रंगात भिजवलेली दोरी फळीच्या दोन टोकांवर ताणून धरायची, मध्ये चिमटीत उचलायची आणि सोडून द्यायची. फळीवर सरळ रेघ उमटते. 'सुतार' हा शब्दही मुळात 'सूत्रधार' या संस्कृत शब्दावरून आलेला. म्हणजे पाहा, ज्याच्या हाती करवत तो सुतार असे आपल्या पूर्वजांनी म्हटले नाही. ज्याच्या हाती सूत तो सुतार, असे म्हटले! आणखी मौज अशी की, इंचाच्या आठव्या भागालाही आपले मिस्त्री 'सूत'च म्हणतात. "दोन सूत कमी कर" म्हणजे पाव इंच कमी कर.

लाकूड कापणे हे काम दुय्यम, ते कुठून कापायचे हे ठरवणे महत्त्वाचे, असे त्या शब्दातच सांगून ठेवलेले आहे. हल्ली बाजारात 'ट्रॅक सॉ' नावाची विजेची करवत मिळते. तिला आपण रुळावरची करवत म्हणू. तिची खरी किंमत कळायची असेल, तर हे सूत आधी ध्यानात घेतले पाहिजे. कारण या यंत्रात कापण्याचे काम करवत करते आणि सुताचे काम करतो तो तिचा रूळ. गिऱ्हाईक मात्र दुकानात जाऊन चौकशी करते ती मोटार किती वॅटची, पाते किती इंची आणि हमी किती वर्षांची. खोक्यात रूळ कोणता आला आहे, तो किती लांब आहे आणि आपल्या कामाला तो पुरेल का, हे कुणी विचारत नाही. घरी आल्यावर पहिली प्लायची शीट जमिनीवर पडते, तेव्हा हा प्रश्न आपण होऊन समोर उभा राहतो. पण तोवर पैसे गेलेले असतात.

हौसेने घरी सुतारकाम करणाऱ्यांची संख्या शहरांतून वाढते आहे. ज्यांना ती हौस नाही, त्यांच्याही घरी केव्हा ना केव्हा कपाटांचे, स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या कप्प्यांचे काम निघतेच. दोघांच्याही उपयोगी पडेल म्हणून या रुळाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

गोल करवतीचा हट्टी स्वभाव

हातात धरून चालवायची विजेची गोल करवत ही १९२०च्या दशकात अमेरिकेत जन्मली. न्यू ऑर्लिअन्सच्या एडमंड मिशेल या कारागिराचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. कामाचा वेग तिने कितीतरी पटींनी वाढवला. पण वेगाबरोबर एक दुर्गुणही आणला.

साध्या हातकरवतीने कापताना रेघ सुटते आहे असे दिसले, तर मिस्त्री मनगट किंचित वळवतो आणि करवत पुन्हा रेघेवर येते. करवतीचे पाते लवचीक असते आणि काम सावकाश चाललेले असते. गोल करवतीचे तसे नाही. तिचे पाते म्हणजे पोलादाची सपाट थाळी. ती लाकडात शिरली की स्वतः कापलेल्या चिरेतच अडकून सरळ पुढे जाऊ पाहते. तुम्ही हात वळवलात तर थाळी वळत नाही, चिरेच्या भिंतींना घासते. लाकूड करपते, मोटार कण्हू लागते, आणि पाते फारच चेपले गेले तर अख्खे यंत्र क्षणात उलट उसळी घेऊन चालवणाऱ्याच्या अंगावर येते. सुतारकामातले काही अतिशय वाईट अपघात या उसळीने झालेले आहेत.

आपल्याकडे घरोघरी जे 'कटर' दिसते, ते तर मुळात फरशी आणि दगड कापण्यासाठी केलेले यंत्र. त्यात लाकडाचे पाते बसवून आपले मिस्त्री केवळ हाताच्या कसबावर आठ फुटांची शीट चिरतात. त्या कसबाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण त्या यंत्रात पात्यामागे चीर उघडी ठेवणारी पाचर नसते. शिवाय हात कितीही पक्का असला, तरी आठ फुटांत सूत-अर्धे सूत इकडेतिकडे होतेच. मग ते झाकण्यासाठी वरून पट्टी ठोकावी लागते.

रूळ म्हणजे काय?

यावर जर्मनांनी उपाय काढला. १९२५ साली गॉटलिब स्टोल आणि आल्बर्ट फेत्सर यांनी सुरू केलेल्या, आज 'फेस्टूल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९६०च्या दशकात करवतीला रूळ दिला. पुढे इतर कंपन्यांनीही तीच वाट धरली.

हा रूळ म्हणजे ॲल्युमिनियमची सुमारे सात-आठ इंच रुंदीची सपाट पट्टी. तिच्या पाठीवर लांबीभर एक उंच कणा असतो. करवतीच्या बैठकीला खालून तशीच खाच असते. खाच कण्यावर बसली की करवत आगगाडीसारखी पुढेमागे सरकेल, पण डावीउजवीकडे ढळणार नाही. रुळाच्या पोटाला न घसरणाऱ्या मऊ पट्ट्या असतात, त्यामुळे तो स्वच्छ शीटवर चिकटून बसतो. कापायच्या बाजूला रबरासारखी एक पातळ कड असते. नव्या रुळावरून पहिल्यांदा करवत फिरवताना ही कड पात्याने बरोबर छाटली जाते, आणि त्यानंतर ती कड म्हणजेच कापाची रेघ. पेन्सिलीच्या दोन खुणांवर ती कड टेकवली की काम झाले. ही कड कापाच्या अगदी लगत शीट दाबून धरते, म्हणून सनमायक्याचे टवकेही उडत नाहीत.

पाते एरवी आवरणात वर लपलेले असते. मोटार सुरू करून यंत्र दाबले की ते खाली उतरते, सोडले की वर जाते.

हे सारे वाचताना एक गोष्ट लक्षात आली असेल. करवत सरळ जाते ती रूळ आहे तोवर. रूळ संपला की ती पुन्हा तीच जुनी हट्टी गोल करवत! म्हणूनच रुळाची लांबी ही चैनीची बाब नव्हे. कापाच्या शेवटच्या सहा इंचांत काम बिघडते की साधते, आणि हात सुरक्षित राहतो की नाही, हे तीच ठरवते.

कापाएवढा रूळ पुरत नाही

नवशिक्याला वाटते, शीट चार फूट रुंद आहे, तेव्हा चार फुटांचा रूळ पुरे. इथेच फसगत होते. आगगाडी फलाटाएवढ्याच रुळावर उभी करता येईल का? पुढे आणि मागे थोडा रूळ हवाच.

आपण हिशेब मांडून पाहू. या करवतींची बैठक साधारण फूटभर लांब असते आणि पात्याचा मध्य तिच्या जवळजवळ मधोमध असतो. पाते बहुधा १६० मिलिमीटर व्यासाचे. पाऊण इंची प्लाय कापायला ते खाली उतरवले, की मध्यापासून पुढे सुमारे दोन इंच दाते शीटच्या पृष्ठभागाला भिडतात. म्हणजे कापाला आरंभ करताना पात्याचा मध्य शीटच्या कडेच्या दोन इंच मागे हवा, आणि त्याच्याही मागे बैठकीचा अर्धा भाग, म्हणजे सहा इंच. झाले आठ इंच. शेवटी पात्याचा मध्य शीटच्या पलीकडच्या कडेपर्यंत पोचला पाहिजे, तेव्हा बैठकीचे नाक सहा इंच पुढे गेलेले असते. आठ आणि सहा मिळून चौदा इंच.

तेव्हा साधा नियम असा: जेवढा लांब काप, त्याहून एक ते सव्वा फूट लांब रूळ. हा नियम कपाटाच्या दारावर लिहून ठेवावा इतका कामाचा आहे.

आता बाजारातले माप पाहू. आपली प्लायची मोठी शीट आठ-चारची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. फेस्टूलचे रूळ ८००, १०८०, १४००, १९००, २७००, ३००० आणि थेट ५००० मिलिमीटरपर्यंत मिळतात. माकिताचे १४०० आणि ३००० हे नेहमीचे. डीवॉल्टचे १०००, १५०० आणि २६००. बॉशचे ८००, ११००, १६००, २१०० आणि ३१००.

चार फुटी आडव्या कापाला १४००चा रूळ लावला, तर वर उरतात १८० मिलिमीटर, म्हणजे अवघे सात इंच. काम होते, पण तंग होते. आरंभी बैठकीचा मागचा भाग रुळाबाहेर लोंबतो, किंवा शेवटी नाक रुळावरून खाली जाते. सरावलेला हात हे सांभाळून घेतो. नव्या हाताला तिथेच धडकी भरते. १५००चा रूळ असला तर अकरा इंच उरतात आणि जीव भांड्यात पडतो. १६००ला पंधरा इंच उरतात, तिथे काळजीच नाही.

आठ फुटी उभ्या कापाला २७००चा रूळ घेतला तर सव्वादहा इंच उरतात, ३०००चा घेतला तर बावीस इंच. २६००चा रूळ मात्र जेमतेम सहा इंच पुढे येतो. तोही सरावलेल्या हातातच द्यावा.

तिरक्या कापाचा हिशेब निराळा. चार फुटी शीट पंचेचाळीस अंशांत कापायची, तर काप चार फुटांचा राहत नाही, १७२५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे सुमारे पावणेसहा फूट. इथे १४०० आणि १५०० दोन्ही हात टेकतात.

रूळ संपतो तिथे काय होते?

समजा, काप संपायला तीन इंच उरले आहेत आणि बैठकीचे नाक रुळाच्या टोकावरून पुढे गेले आहे. आता करवतीचा निम्मा भार अधांतरी आहे. रुळाची जाडी पाव इंचाच्या आसपास. तेवढ्याने नाक खाली झुकू पाहते. हात नकळत ते सावरायला जातो, यंत्र किंचित तिरके होते, आणि पाते चिरेत चेपले जाते. पुढचे काय ते आधी सांगितलेच आहे. उसळी बसली नाही, तरी कापाच्या टोकाशी एक बारीक खाच पडतेच. ही खाच नेमकी कपाटाच्या दर्शनी कोपऱ्यात येते. पाहुणे येतात तेव्हा त्यांची नजर आधी तिथेच जाते!

आरंभी रूळ अपुरा असेल, तर दोष दुसरा. करवत कण्यावर पुरती बसण्याआधीच पाते लाकडाला भिडते आणि काप पहिल्या इंचातच वाकडा सुरू होतो. म्हणून जादा लांबीची वाटणी करताना आरंभाकडे थोडी अधिक, शेवटाकडे थोडी कमी ठेवावी.

तर मग सर्वांत लांबच का घेऊ नये?

असा विचार मनात येणे साहजिक आहे. तीन मीटरचा एकच रूळ आणला की चार फुटीही कापता येईल, आठ फुटीही. पण आपण राहतो शहरात. एखाद्या घरात हा संवाद सहज घडेल:

"अहो, हा दहा फुटी रूळ ठेवणार कुठे?"

"दाराच्या मागे उभा राहील की."

"छत मोजलंत का आधी?"

बाईंचा प्रश्न बिनतोड आहे. तीन मीटर म्हणजे नऊ फूट दहा इंच. हल्लीच्या पुष्कळ फ्लॅटमध्ये छताची उंची नऊ-साडेनऊ फुटांच्या आसपास असते. म्हणजे हा रूळ घरात सरळ उभाही राहत नाही. लहान लिफ्टमध्ये तो तिरका घालूनही मावत नाही. जिन्याने वर न्यायचा तर प्रत्येक वळणावर शेजाऱ्यांच्या दारावरची तोरणे सांभाळावी लागतात. कुणी म्हणेल, आठ फुटी शीट जिन्याने येतेच ना? येते खरी. पण शीट वर आली की कापली जाते, तिची कपाटे होतात. रूळ मात्र जेवढा आला तेवढाच राहतो!

दुसरे असे की, लांब रूळ लहान कामावर गैरसोयीचा. ओट्याखालच्या कप्प्याची फळी दोन फूट रुंद. तिच्यावर दहा फुटांचा रूळ ठेवला तर आठ फूट बाहेर लोंबणार. तो एका बाजूला कलतो, शीटवरून उचलला जातो, आणि त्याचा सारा चांगुलपणा वाया जातो. शिवाय ॲल्युमिनियमची लांब पट्टी नाजूक. भिंतीला तिरकी टेकवून महिनोन्‌महिने ठेवली, वर कुणी गादी टाकली, की तिला बाक येतो. एकदा वाकलेला रूळ पुन्हा सरळ करणे घरगुती काम नव्हे. तो आडवा, सपाट जागेवर, पलंगाखाली ठेवावा किंवा टोकाच्या भोकाने सरळ उभा टांगावा.

आपल्या घरात काप असतात तरी किती लांब?

रूळ घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि घरात खरोखर कोणते काप पडणार आहेत ते लिहावे. बहुतेक घरांची यादी अशी निघेल:

दाराचे खालचे टोक घासते, ते छाटायचे: तीन फूट. ओट्याखालच्या कप्प्यांच्या बाजू आणि तळ: दोन फुटांच्या आत. शीट आडवी तोडायची: चार फूट. पुस्तकांच्या कपाटाच्या उभ्या बाजू: सहा फूट. कपड्यांच्या कपाटाचे दरवाजे: सात फूट. आणि शीट उभी चिरायची: आठ फूट.

ही यादी नीट पाहिली तर दिसेल की, अधिक वेळा पडणारे काप चार फुटांच्या आतले आहेत. सहा ते आठ फुटांचे काप थोडे, पण तेच दर्शनी. दोन दरवाजे मिटले की मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. प्रत्येक दरवाजा मध्यावर अर्धा मिलिमीटर पोटात गेला, तरी दोघांची मिळून एक मिलिमीटरची फट होते आणि डोळ्याला खुपते.

तेव्हा रोजच्या कामाला १४०० ते १६०० यांपैकी एक रूळ हवाच. लांब कापांसाठी काय करायचे, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शहरातल्या घरापुरते माझ्या मते सरळ आहे: त्याच मापाचा दुसरा रूळ घ्यावा आणि दोन्ही जोडावेत.

दोन रुळांची सोयरीक

१४००चे दोन रूळ जोडले की २८०० होतात. आठ फुटी कापावर चौदा इंच उरतात, म्हणजे आपल्या नियमात बरोबर बसतात. दोन्ही रूळ लिफ्टमधून येतात, पलंगाखाली मावतात, आणि एरवी एकेकटेही कामाला येतात. रुळाच्या अंगातल्या खाचांत सरकवायच्या जोडपट्ट्या मिळतात. त्या स्क्रूने आवळायच्या.

पण सोयरीक करताना पत्रिका पाहावी तशी इथेही तपासणी हवी. रुळाची टोके कारखान्यात अगदी काटकोनात कापलेली असतीलच असे नाही. ती एकमेकांवर घट्ट दाबली, तर सांध्याशी सूक्ष्म कोन होतो आणि आठ फुटांत तो मोठा होऊन दिसतो. म्हणून टोकांमध्ये साधारण पोस्टकार्डाच्या जाडीची फट राहू द्यावी. दोन्ही रूळ एका खात्रीच्या सरळ कडेला टेकवावेत, मग स्क्रू आवळावेत, तेही बेताने. फार आवळले तर रूळच बाक घेतो. सरळ कड कुठून आणायची? ॲल्युमिनियमची जाड सहा फुटी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तीही सरळ आहे ना, याची परीक्षा मात्र घरीच घ्यावी.

ही परीक्षा लहान मुलांनाही दाखवण्यासारखी आहे. पट्टीच्या कडेने एक लांब बारीक रेघ ओढा. मग पट्टी उचलून रेघेच्या दुसऱ्या बाजूला, टोके उलटसुलट करून, तीच कड रेघेच्या दोन टोकांना टेकेल अशी ठेवा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर पट्टी सरळ. मध्ये फट दिसली, तर पट्टीचा बाक त्या फटीच्या निम्मा. दुप्पट होऊन दिसतो म्हणूनच तो पकडला जातो! जोडलेल्या रुळाचीही मागची कड घेऊन अशीच परीक्षा होते.

आणखी एक लक्षात ठेवावे. रूळ सरळ काप देतो, काटकोन देत नाही. काटकोन गुण्यानेच पाहावा लागतो. मोठ्या शीटवर गुण्या अपुरा पडला, तर गवंडी करतात तसे करावे: एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजावे, तिरके अंतर बरोबर पाच फूट आले की कोन पक्का.

घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारा

पहिला प्रश्न: या करवतीला दुसऱ्या कंपनीचा रूळ चालतो का? फेस्टूल आणि माकिता यांच्या रुळांचा घाट बराच सारखा आहे. बॉशचा घाट वेगळा आणि तो माफेल या जर्मन कंपनीच्या रुळाशी जुळतो. डीवॉल्टचा तर दोन्ही बाजूंनी वापरायचा, अगदी निराळा. आज स्वस्त मिळाला म्हणून एक घाट घेतला आणि उद्या त्याच्या जोडीचा मिळाला नाही, तर सोयरीक मोडली. म्हणून करवत घेतानाच तिच्या रुळाची आणि जोडपट्ट्यांची जोडी या शहरात मिळते ना, हे पाहून घ्यावे.

दुसरा प्रश्न: खोक्यात रूळ आहे का, आणि किती लांबीचा? पुष्कळदा करवत एकटीच येते. तिची किंमत पाहून स्वस्त म्हणावे, तर रुळांची आणि जोडपट्ट्यांची किंमत मिळवल्यावर हिशेब पालटतो. अंदाजपत्रक नेहमी करवत, दोन रूळ, जोडपट्ट्या आणि शिकंजे मिळून करावे.

शिकंजे हवेतच. पोटाच्या मऊ पट्ट्या स्वच्छ प्लायवर घसरत नाहीत, पण शीटवर भुसा असला किंवा गुळगुळीत सनमायका असला तर त्यांचा भरवसा धरू नये. रुळाच्या खालच्या खाचेत सरकणारे दोन शिकंजे दोन टोकांना लावले की निर्धास्तपणे कापता येते.

शीट जमिनीवर कापायची तर तिच्याखाली थर्माकोलचा जाड तक्ता पसरावा. पाते शीटच्या खाली दोन-चार मिलिमीटरच उतरेल असे ठेवावे. ते थर्माकोलात जाते, लादीला लागत नाही, आणि कापलेले दोन्ही भाग जागच्या जागी राहतात, पाते चेपत नाहीत. मोटार आधी सुरू करावी, मग पाते उतरवावे. काप संपल्यावर पाते थांबल्याशिवाय यंत्र उचलू नये. करवतीच्या थेट मागे उभे राहू नये. पाते बदलताना प्लग काढलेला असावा. आणि दिवाळीच्या सुटीत घरात चिल्लीपिल्ली गोळा झाली असतील, तर ते काम सुटी संपेपर्यंत खुशाल पुढे ढकलावे. कपाट चार दिवसांनी झाले म्हणून बिघडत नाही.

ज्यांना यंत्र घ्यायचे नाही त्यांनी

घरात काम करणाऱ्या मिस्त्रींशी बोलतानाही ही माहिती उपयोगी पडते. दर ठरवताना गृहिणीने सहज विचारावे, "दादा, शीट रुळावर कापणार की कटरनं हातावर?" मिस्त्रींकडे रुळाची करवत नसली, तरी बिघडत नाही. कटरच्या बैठकीला टेकायला सरळ ॲल्युमिनियमची पट्टी दोन शिकंज्यांनी आवळून घ्यायला सांगावी. तीही शीटपेक्षा फूटभर लांब असावी, नियम तोच. नाहीतर आठ फुटी मोठे काप यंत्रावर कापून देणाऱ्या ठिकाणी करून घ्यावेत आणि घरी फक्त लहान काप ठेवावेत. घरात भुसाही कमी उडतो, आणि शेजाऱ्यांची दुपारची झोपही वाचते.

तेव्हा यंदा घरातले काम काढायचे मनात असेल, तर दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी मोजाव्यात. आपल्या कामातला सर्वांत लांब काप, आपल्या लिफ्टची तिरकी लांबी आणि पलंगाखालची जागा. पहिल्या मापात सव्वा फूट मिळवला की रूळ किती लांब हवा ते कळते. तो एकसंध घ्यायचा की दोन तुकड्यांत, हे उरलेली दोन मापे सांगतील. करवत कोणती घ्यायची, हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्या सुतारानेही आधी सूत ताणले आणि मगच करवत हाती घेतली.